समुद्रघोड्याची कीड

"निघाली! निघाली!"

चाळीसेक माणसं एकदम ओरडली. मागच्या रांगेतले लोक खुर्च्यांवर चढले. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर काचेचं एक वाडगं दिसत होतं. वाडग्यात बोटभर लांबीचा पिवळा समुद्रघोडा होता आणि त्याच्या पाठीतून एक पांढरी, लिबलिबीत कीड वळवळत बाहेर येत होती. मग दुसरी आली. मग तिसरी. दर्याबाबांचा ब्रश जिथे टेकेल तिथून कीड निघत होती.

माझ्या शेजारच्या बाईंनी मांडीवरचा डबा गच्च धरला. त्यात त्यांचे तीन मासे होते. "आई गं," एवढंच त्या पुटपुटल्या.

"बघितलंस?" भावोजींनी मला कोपराने ढोसलं. "आता बोल."

काय बोलणार?  कीड मलाही दिसली होती.

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरची ही खोली. पडदे निळे, दिवे निळे आणि बाबांचा झगाही निळा. लोक बादल्या, डबे, पाण्याने फुगलेल्या पिशव्या घेऊन बसलेले. मध्ये टेबल, टेबलावर ते वाडगं आणि वाडग्यावर रोखलेला कॅमेरा. आधुनिक बाबा होते. चमत्कार मागच्या रांगेलाही नीट दिसला पाहिजे, याची त्यांनी पुरेपूर काळजी घेतली होती.

"प्रत्येक जिवाच्या आत एक समुद्र असतो," बाबा माइकवर म्हणाले. आवाज मोठा गोड. "त्या समुद्राला ओहोटी लागली की कीड शिरते. औषधाने काय होतं? कीड आतच मरते, सडते. आपण मारत नाही. आपण बोलावतो! कशाने बोलावतो?"

"स्पंदनाने!" लोक म्हणाले.

"डॉक्टरला सांगा, कीड दाखव. दाखवतो का? नाही! कागद दाखवतो! इथे कागद आहे का?"

"नाही!"

"इथे काय आहे?"

"कीड!"

एवढ्या उत्साहाने कीड मागणारी माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती. बाबांनी वाडग्यातल्या किडी एका गाळणीत घेतल्या आणि शेजारच्या शेगडीवर टाकल्या. चर्र आवाज झाला. "हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं. "बाहेर आलेली कीड नवं घर शोधते. बोटातून शिरेल."

पहिली रांग खुर्च्यांसकट मागे सरकली.

पडद्यावरचा तो पिवळा समुद्रघोडा माझ्या ताईचा होता.

ताई शिवणकाम करते आणि शिकवते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे आणि मशीनसमोरच्या भिंतीला लागून खाऱ्या पाण्याची उंच टाकी. टाकी माझ्या भाचीची. तिने कॉलेजात असताना हौसेने लावली, समुद्रघोड्यांची एक जोडी आणून वाढवली आणि नोकरीसाठी लांब गेली, तेव्हा आईच्या ओटीत घातली. "माझ्या जागी यांना बघ," म्हणाली. ताईने ते अक्षरशः मनावर घेतलं. ही जोडी रोज सकाळी एकमेकांना भेटते. नर आणि मादी शेपट्या गुंतवून एकाच काडीभोवती हळूहळू फिरतात, रंग उजळतात, मग आपापल्या कोपऱ्यात जातात. भाची रोज कामावर जाण्याआधी फोनवर हे बघायची. ताई फोन टाकीसमोर धरून उभी राहायची आणि दोघी मायलेकी काही न बोलता बघत राहायच्या.

महिन्याभरापूर्वी बाबांच्या खोलीखालच्या दुकानदाराने ताईला तिसरा समुद्रघोडा दिला. "समुद्रातून थेट आलाय. एकदम तगडा," म्हणाला. तो तगडा आठ दिवसांत मेला. पाठोपाठ जोडीने अंग घासायला सुरुवात केली. खाणं सुटलं. कल्ले भात्यासारखे चालायला लागले. ताई दुकानात गेली, तर दुकानदाराने जिन्याकडे बोट दाखवलं. "कीड लागली असणार. वर जा. बाबा आहेत."

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करतो. रक्त, विष्ठा, कातडीचा खरवडा, जे येईल ते काचपट्टीवर घ्यायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. "आमच्याकडे आण," मी ताईला तेव्हाच म्हणालो होतो.

भावोजी हसले होते. ते बसच्या कार्यशाळेत मेकॅनिक. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा बिघाड सांगणारा माणूस. "तुझ्या डॉक्टरीणबाईंनी समुद्रघोडा कधी बघितलाय का?"

खरंच, फारसा बघितला नव्हता. 

आणि पहिल्या बैठकीनंतर तर भावोजींचंच खरं ठरलं. दोन्ही समुद्रघोडे सुधारले. दुसऱ्या दिवशी दोघांनी खाल्लं. कल्ले शांत झाले. भावोजींनी कार्यशाळेत पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

चौथ्या दिवशी सगळं परत सुरू झालं.

"मुळं राहिलीत," बाबांनी सांगितलं. "तीन बैठका लागतील." दुसऱ्या बैठकीला मी कामावर होतो. तिथेही म्हणे भरपूर कीड निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ताईचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाली.

मी गेलो तेव्हा ती टाकीसमोर स्टुलावर बसली होती. मादी तळाशी आडवी पडली होती. नर काडीला शेपटी गुंडाळून जोरजोरात श्वास घेत होता. त्याचं पोट फुगलेलं होतं. समुद्रघोड्यांत पिल्लं नराच्या पिशवीत वाढतात आणि ही पिशवी आता भरत आली होती.

"पोरीला सांगितलंस?"

ताईने मान हलवली. "सकाळी फोन आला होता. म्हटलं, मादी मागे लपलीय." तिचा आवाज कोरडा होता. "आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले तिच्याशी."

भावोजी दारात उभे होते. "बाबांना विचारलं मी. ते म्हणाले, मादीने नराची कीड स्वतःवर घेतली. उद्या अकराला नराची शेवटची बैठक. तो वाचणार."

"भावोजी, दोनदा तिथे नेलं आणि एक जीव गेला."

"आणि नेलं नसतं तर दोन गेले असते!" ते ओरडले. डोळे लाल झाले होते त्यांचे. माणूस रडलेला होता, हे मला तेव्हा कळलं.

मी मादीला ओल्या कापसात ठेवायला खाली वाकलो आणि माझी नजर कोपऱ्यातल्या बादलीकडे गेली. काल याच बादलीतून दोघांना बैठकीहून परत आणलं होतं. तळाशी बोटभर पाणी उरलं होतं. त्यात एक पांढरी कीड पडली होती. समुद्रघोड्याच्या शेपटीला चिकटून आली असणार.

"हात लावू नकोस!" ताई किंचाळली. "अंगात शिरते!"

खरं सांगतो, माझाही हात क्षणभर अडखळला. वर्षानुवर्षं असले प्राणी बघणारा मी. पण बाबांचं ते वाक्य डोक्यात कुठेतरी जाऊन बसलं होतं. मग माझी मलाच लाज वाटली आणि मी कीड दोन बोटांत उचलली.

ती हलली नाही. गार, गुळगुळीत आणि कमालीची मऊ लागली. मी ती बाटलीत टाकली आणि मादीला डब्यात ठेवून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी आधी हात वर केले. "मी कुत्र्यामांजरांची डॉक्टर. समुद्रघोडा मी दोनदा बघितलाय, दोन्ही वेळा काचेबाहेरून." मग दोन मिनिटांनी त्यांनीच पुस्तकं काढली, समुद्री माशांवर काम करणाऱ्या एका मित्राला फोन लावला आणि मला म्हणाल्या, "कल्ल्यांचा आणि कातडीचा नमुना घे. बघू तरी."

मी काचपट्टी लावली, डोळा टेकवला आणि बघतच राहिलो.

मादीचे कल्ले चपट्या, पारदर्शक कृमींनी भरले होते. एकेक जण शेपटाकडच्या आकड्यांनी मांसाला धरून बसलेला. काही अजून जिवंत होते. ताणायचे, आखडायचे, परत ताणायचे. नुसत्या डोळ्यांना त्यातलं काहीही दिसलं नसतं. बिचारी श्वास कोंडून मेली होती.

"आता ती दुसरी लावा," बाई म्हणाल्या.

मी बाबांची कीड काचपट्टीवर घेतली. तोंड शोधलं. नव्हतं. आतडं नव्हतं, कातडी नव्हती, अंडी नव्हती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसता पांढरट गोळा. खरा परजीवी डोळ्यांना दिसत नव्हता आणि डोळ्यांना दिसत होता तो परजीवीच नव्हता.

बाईंनी ती बोटात चुरडली. "हे ओळखीचं लागतंय हाताला." त्या कपाटाकडे गेल्या आणि जखमेवर लावायची एक पट्टी घेऊन आल्या. समुद्री शेवाळापासून करतात ती. ओली झाली की तिची जेली होते. चुरडलेली कीड माझ्या एका हातावर आणि पट्टीचा भिजवलेला तुकडा दुसऱ्या हातावर त्यांनी ठेवला. डोळे मिटले असते तर मला फरक सांगता आला नसता.

"अल्जिनेट," बाई म्हणाल्या. "पाण्यात घोळलं की घट्टसर द्रव होतो. आणि तो द्रव कॅल्शियमच्या पाण्यात सोडला की..."

"...लगेच गोठतो," मी म्हणालो. "धार सोडली तर दोऱ्यासारखा."

खात्री करायला मी उरलेली कीड धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकली. ही जेली सोड्यात टिकत नाही. थोड्या वेळाने बाटलीत ढवळलेलं गढूळ पाणी उरलं. कीड नाहीशी झाली होती.

तेवढ्यात फोन वाजला. ताई होती. मागे रहदारीचा आवाज येत होता.

"त्याचा श्वास फार वाढलाय रे. उद्यापर्यंत टिकत नाही म्हणून हे आजच्या दुपारच्या बैठकीलाच घेऊन निघालेत. आम्ही पोचतोच आहोत."

"ताई, त्याला वाडग्यात घालू देऊ नको! मी येतोय!"

फोन कट झाला होता.

बाई उभ्या राहिल्या. "पिशवीत पिल्लं, कल्ल्यांत कृमी. अजून एक धक्का तो सोसणार नाही. मी इथे पाणी तयार ठेवते. अर्ध्या तासात आण."

मी स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. दुपारची वेळ होती, दुकानासमोर नेहमीसारखी वाहनं लागली होती. दुकानदार दारातच होता. मला धावत येताना बघून तो जिन्यात आडवा आला. "बैठक चालू आहे. आता वर जाता येणार नाही."

मी त्याच्या हाताखालून घुसलो.

वर खोली भरलेली होती. पडद्यावर रिकामं वाडगं, त्यात स्वच्छ पाणी. बाबांच्या हातात तो चांदीच्या मुठीचा ब्रश. ताई पहिल्या रांगेत डबा छातीशी धरून बसली होती आणि भावोजी डब्याकडे हात करत होते.

"ताई, थांब!"

सगळ्या माना वळल्या. "बसा खाली," कुणीतरी ओरडलं.

"माझा तमाशा करू नकोस," भावोजी दातओठ खात म्हणाले.

मी ताईसमोर गुडघ्यांवर बसलो. हळू आवाजात म्हणालो, "बादलीतली ती कीड मी तपासली. ती कीड नाही. जेली आहे, बनवलेली. खरी कीड कल्ल्यांत आहे, डोळ्यांना दिसत नाही. तिच्यावर औषध आहे. डॉक्टरीणबाई थांबल्यात."



बाबा रागावले नाहीत. त्यांनी माइक जवळ घेतला. आवाज पहिल्यापेक्षा गोड झाला. "शंकेची सावली पडली की स्पंदन तुटतं. या घरातला एक जीव आजच गेला." ते थांबले. "कोणाच्या शंकेने गेला, ते आता सगळ्यांना कळलं."

खोलीत कुजबुज उठली. चाळीस माणसांच्या नजरा माझ्या अंगावर होत्या. पण मला भीती वाटत होती ती एकाच नजरेची. ताईचा चेहरा पांढरा पडला होता. त्या क्षणी तिला ते पटलं असतं, तर मी जन्मभर माझ्या बहिणीच्या नजरेत खुनी ठरलो असतो.

ताईने डबा माझ्या हातात दिला. मग ती उठली, पर्समध्ये हात घालून काहीतरी काढलं आणि टेबलाशी गेली. शिवताना बोटात घालायचं तिचं लोखंडी टोपण होतं ते. तिने ते वाडग्यात सोडलं.

"याच्यावरून ब्रश फिरवा," ती म्हणाली.

बाबा हसले. "बाई, निर्जीवात कीड कशी असेल?"

"मग निघणार नाही. फिरवून तर दाखवा. नाही निघाली तर घोडा तुमच्या हातात देते."

"ताई!" मी ओरडलो. हे उलटच होत होतं. निघाली नाही म्हणजे बाबा जिंकले.

बाबांनाही ते कळलं. त्यांनी ऐटीत ब्रश बुडवला, टोपणावरून एकदा फिरवला, दोनदा फिरवला. पाणी स्वच्छ राहिलं. एक दोराही आला नाही.

"बघा!" बाबांनी हात पसरले. "जिथे जीव, तिथेच कीड!"

टाळ्यांनी खोली दणाणली. भावोजींनी माझ्या हातातला डबा ओढला. मी सोडला नाही. डब्यातल्या पाण्याला हिसका बसला आणि आत तो नर एका कडेला कलंडला. त्याचे कल्ले आता मोजता येणार नाहीत इतक्या वेगाने चालले होते.

"बाबा," ताई म्हणाली. टाळ्यांमध्ये कुणाला ऐकू गेलं नाही. ती माइकजवळ वाकली. "बाबा, आत्ता तुमचा अंगठा उभा होता."

टाळ्या विरळ झाल्या.

"माझ्या घोड्यांवर ब्रश फिरवलात तेव्हा तो आडवा होता. दाबलेला. नख पांढरं पडलेलं दिसत होतं या पडद्यावर. दोन्ही बैठकांना बघितलं मी. तीस वर्षं लोकांना शिवण शिकवतेय. हात कुठे दाबतोय ते मला दिसतं."

"बाई, स्पंदन अंगठ्यातून..."

"द्या इकडे. मी धरते."

"याला दुसऱ्याचा हात चालत नाही!"

ताईने ब्रश धरला. बाबांनी सोडला नाही. क्षणभर दोघं वाडग्यावर वाकून झटापट करत होते. एका बाजूला निळा झगा, दुसऱ्या बाजूला माझी चष्मा घसरलेली बहीण. ब्रश निसटू नये म्हणून बाबांनी मूठ आवळली.

आणि ब्रशातून किडींची धार लागली.

पडद्यावर ते सगळ्यांना दिसलं. वाडग्यात समुद्रघोडा नव्हता. मासा नव्हता. होतं एक लोखंडी टोपण, आणि त्याच्याभोवती पांढऱ्या, लांबच लांब किडी वेटोळी घालत होत्या. दहा झाल्या, वीस झाल्या. बाबा जितके घट्ट धरत होते तितक्या जास्त येत होत्या. शेवटी त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ब्रश टाकून दिला, गरम तव्याला हात लागावा तसा.



ताईने ब्रश उचलला. चांदीची मूठ पिळली, तशी ती निघाली. आत मऊ प्लास्टिकची नळी होती. चित्रकार पाण्याचे रंग भरायला वापरतात तसला ब्रश, वरून अंगठ्याच्या जागी खाच ठेवलेलं चांदीचं आवरण चढवलेला. ताईने नळी दाबली. तिच्या बोटावर घट्टसर पांढऱ्या द्रवाचा थेंब पडला. नुसता द्रव. मग तिने बोट वाडग्यात बुडवलं आणि तो थेंब सगळ्यांसमोर गोठला.

"ही तुमची कीड," ती माइकवर म्हणाली. "शिरू दे माझ्या बोटातून."

मागून कुणीतरी हसलं. ते हसू भलतंच मोठं वाटलं. मग डबा घेऊन पहिल्या दिवशी माझ्या शेजारी बसलेल्या बाई उभ्या राहिल्या. आज त्यांच्याकडे डबा नव्हता. "माझे तिन्ही मासे गेले," त्या बाबांना म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात माझी श्रद्धा कमी पडली. मी आठ दिवस स्वतःला दोष देत बसले होते हो."

पुढचं बघायला मी थांबलो नाही. भावोजी डबा सोडून टेबलाकडे बघत उभे होते. मी त्यांचा दंड धरला. "भावोजी, वेळ नाही. गाडी तुम्ही चालवा. तुमच्याइतकी सांभाळून मला जमणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि जिना उतरायला लागले.  वाटेत एकाही खड्ड्यात त्यांनी गाडी आदळू दिली नाही.

दवाखान्यात बाईंनी गोड्या पाण्याचं भांडं तयार ठेवलं होतं. तापमान टाकीइतकंच, पाण्याचा आम्लपणाही जुळवलेला, हवेचे बुडबुडे सोडलेले. खाऱ्या पाण्यातल्या कृमींना गोडं पाणी सोसत नाही. समुद्रघोडा मात्र काही मिनिटं सोसतो. किती मिनिटं, ते त्याच्याकडे बघत ठरवायचं. बाईंनी मला घड्याळ दिलं आणि स्वतः भांड्यावरून डोळा काढला नाही. दुसऱ्या मिनिटाला तो तडफडला. ताईने माझा हात धरला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "थांबा... अजून... काढा!"

तो खाऱ्या पाण्यात परत गेला, तळाशी टेकला आणि हललाच नाही. मग शेपटीचं टोक उलगडलं आणि बाजूच्या काडीला जाऊन चिकटलं. भावोजी भिंतीला टेकून खाली बसले.

भांड्याच्या तळातलं पाणी मी काचपट्टीवर घेऊन भावोजींना दाखवलं. गळून पडलेले कृमी आता पांढरे झाले होते. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा टेकवला. "एवढे लहान?" म्हणाले. "मग त्या बाबाला किती सोपं होतं. खरं कुणाला दिसतच नव्हतं."

तिथून पुढे तीन आठवडे गेले. नराला वेगळ्या टाकीत ठेवून जंतांवरचं औषध दिलं, ठरावीक दिवसांनी परत दिलं. कारण कृमींच्या अंड्यांवर औषध चालत नाही. ती फुटेपर्यंत वाट बघावी लागते आणि मग नव्या कृमींना गाठावं लागतं. घरची टाकीही तशीच साफ केली. दहाव्या दिवशी नराने पिल्लं सोडली. शंभराहून जास्त होती. बहुतेक गेली. अकरा जगली. ताईने भाचीला पहिल्याच संध्याकाळी सगळं खरं सांगितलं होतं. भाची रडली आणि मग म्हणाली, "आई, मला खोटं सांगत जाऊ नकोस. वाईट असलं तरी सांग."

बाबा त्याच आठवड्यात खोली सोडून गेले. दुकानदार म्हणतो, त्याला काही माहीत नव्हतं. कॅल्शियमची पुडी त्याच्याच फळीवर मिळते, हा त्याच्या मते योगायोग. त्याने आजारी प्राणी विकू नयेत म्हणून आम्ही रीतसर तक्रार केली आहे.

आता एक गोष्ट उरते, आणि ती मी टाळणार नाही. पहिल्या बैठकीनंतर समुद्रघोडे खरंच सुधारले होते. भावोजी खोटं बोलत नव्हते. बाबांच्या वाडग्यातलं पाणी, कॅल्शियम घातलेलं असलं तरी, जवळजवळ गोडंच होतं. त्यामुळे थोडे कृमी गळाले, श्वास मोकळा झाला. पण ते पाणी ना जुळवलेलं होतं ना मोजलेलं. घरच्या टाकीत अंडी तशीच राहिली होती आणि प्रत्येक बैठकीत आजारी जिवाला नवा धक्का बसत होता. चार दिवस बरं वाटलं ते लोकांनी बाबांच्या नावावर घातलं. मेले ते स्वतःच्या नावावर घेतले. कुणाची श्रद्धा कमी पडली, कुणाची सावली पडली. ज्यांचे मासे मेले ते सहसा बैठकीला परत येत नव्हते, म्हणून खोलीत बहुतेक बरे झालेलेच दिसायचे.

अलीकडे भावोजींनी मला विचारलं, "मी इंजिन उघडल्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. मग इथे का ऐकलं रे?"

"तिथे तुम्हाला इंजिन मरेल अशी भीती वाटत नाही म्हणून," मी म्हणालो.

ज्याच्यावर जीव आहे त्याला वाचवायची घाई झाली की शहाणा माणूसही हात जोडतो. त्यात लाज नाही. बाबा लोक नेमके त्याच घाईवर जगतात. म्हणून माझं सांगणं अगदी साधं आहे. कुणी तुम्हाला डोळ्यांसमोर चमत्कार दाखवला, तर तो हातात मागा. घरी न्यायला मागा, दुसऱ्याला दाखवायला मागा. खऱ्या गोष्टीला तपासणीने काही होत नाही. कृमी सूक्ष्मदर्शकाखाली कितीही वेळ बघा, तो कृमीच राहतो. जो "हात लावू नका" म्हणतो आणि लगेच पुरावा जाळून टाकतो, त्याच्यापाशी आपला आजारी जीव एक मिनिटही ठेवू नका. मग तो जीव बोटभर समुद्रघोड्याचा असो, नाहीतर घरातल्या माणसाचा.